काळ्या पिशवीतला पुडा

मी निघाले तेव्हा आई तिठ्यापर्यंत आली होती. तिथूनच एसटी मिळायची. लग्नानंतर थोडे महिने मी गावच्या घरी सासूपाशी होते. मग आमच्या मालकांनी, म्हणजे माझ्या नवऱ्याने, मुंबईला खोली बघितली आणि मला न्यायला आले. आई माहेरच्या वाडीतून डोंगर उतरून आली, पायात काही नाही. जुन्या लुगड्याच्या फडक्यात तिने गाठोडं बांधून आणलेलं. सुंठ, वेखंड, मुरडशेंग, वावडिंग, जायफळाचा तुकडा. रडली बिडली नाही. खिडकीतून गाठोडं माझ्या मांडीवर टाकलं आणि म्हणाली, "थंय काय गावता नि काय नाय, कोणाक ठावक. पोटात दुखला तर कोणाच्या दाराक जातलंस?"

माझी मोठी जाऊ पण सोडायला आलेली. तिला मी वैनी म्हणते. गाडी हलली तेव्हा वैनी एवढंच म्हणाली, "येत ऱ्हव गो."

आपल्या वाडीच्या मुंबई मंडळाच्या पोरांनी सांगितलं, काकी, या वर्षीच्या अंकासाठी तुम्ही गाव सोडून आलात तेव्हाचं काहीतरी सांगा. त्यांना वाटलं असेल गिरणीचं सांगेन, संपाचं सांगेन. ते सांगणारे पुष्कळ आहेत. मी मेडिकलचं सांगणार आहे. मी चौथीपर्यंत शिकले, लिहायची सवय राहिली नाही, म्हणून मी बोलते आणि सून लिहून घेते. तिला सांगितलंय, लाजेचं आलं तरी गाळू नको. ती मधेच थांबते, माझ्याकडे बघते. मी म्हणते, लिही.

आमची खोली जोगेश्वरीला, डोंगरावर. पत्र्याची. पाण्याचा नळ खाली रस्त्याला. नळाच्या बाजूलाच मेडिकल. मला त्या दुकानाची भीती वाटायची. काचेची कपाटं, सगळ्या बाटल्या एका उंचीच्या, आणि वास असा की कोणीतरी आजारी आहेच. आईचं गाठोडं होतं तोवर मी तिथे पाऊल टाकलं नाही. दिलीपला, माझ्या मोठ्या मुलाला, जुलाब झाले आणि मुरडशेंग उगाळून काही होईना, तेव्हा शेजारीण मला हाताला धरून घेऊन गेली. दुकानवाल्याने मीठ-साखरेची पुडी दिली. पाण्यात घाल आणि चमच्या-चमच्याने पाज म्हणाला. पोरगं संध्याकाळी उठून बसलं. त्या दिवसापासून मी शिकत गेले. भाजल्यावर लावायचं मलम स्टोजवळ ठेवायचं. जंताचं औषध कधी, उवांचं कधी. रबराची गरम पाण्याची पिशवी कंबरेला. हे सगळं मी गावाला पण पाठवायचे, कोण जाईल त्याच्या हातून. वैनी निरोप धाडायची, ते मलम संपलं, परत पाठव. आईने मला गाठोडं दिलं, तसं मी तिकडे देत होते. मला बरं वाटायचं. आपण इथे येऊन काहीतरी शिकलो असं वाटायचं.

पण एक गोष्ट मी त्या दुकानात कधी मागितली नाही, कारण ती मिळते हेच मला माहीत नव्हतं. आणि माहीत असतं तरी मागितली नसती.

धाकटी मुलगी झाली तेव्हा अंग अजून ओलं होतं तोवरच मी हंडा घेऊन डोंगर चढले. दुसरं कोण होतं? मालकांची गिरणी बंद पडलेली. ते साकीनाक्याला एका कारखान्यात हेल्परला लागले, मग मी पण तिथेच शेजारच्या गाळ्यात नट-बोल्ट वेचायला बसायला लागले. सकाळी पाणी, मग काम, मग परत पाणी. गावाला बाळंतिणीला महिनाभर उठू देत नाहीत. इथे मला कोणी उठ म्हटलं नव्हतं, पण हंडा रिकामा होता. माझं काहीतरी तेव्हाच आतून सुटलं. खोकलं की लघवी यायची, शिंकलं की यायची. हसलं की यायची. म्हणून मी हसणं कमी केलं. लोकांना वाटायचं, ही बाई कडक आहे.

मी कोणाला सांगितलं नाही. मालकांना नाही, पोरीला नाही. जुन्या साडीचे चौकोन फाडून घड्या करायच्या. ते न्हाणीत वेगळे धुवायचे, दोरीवर टाकायचे आणि त्यांच्यावरून साडी पसरायची, म्हणजे खालचं दिसत नाही. ऊन कमी लागतं, वास राहतो, पण दिसत नाही. अशी माझी किती वर्षं गेली. डोंगरावरची झोपडपट्टी जाऊन बिल्डिंग झाली, लिफ्ट आली, नळ घरात आला. साडी मात्र मी तशीच पसरत राहिले.

गावाला जायचं म्हटलं की माझा घास उतरत नसे. एवढी लांब गाडी. मी आदल्या दिवसापासून पाणी बंद करायचे. तरी एकदा घाटात गाडीने असा हिसका दिला की जे व्हायचं ते झालं. सीट ओली. शेजारी एक बाई बसलेली, सावंतवाडीकडची, बोलकी. तिने बोलता बोलता पदर नाकाला लावला. मागचा माणूस म्हणाला, कोणाच्या पोराने पाणी सांडलं रे? मी म्हटलं, माझी बाटली फुटली. माझ्याकडे बाटलीच नव्हती. तिठ्यावर उतरले तेव्हा वैनी न्यायला आली होती. तिला मी जवळ येऊ दिलं नाही. पायात गोळा आलाय म्हटलं आणि मागून मागून चालले. घरी गेल्या गेल्या न्हाणीत शिरले. वैनी बाहेरून म्हणाली, मुंबईवाल्यांका आमच्या हाताचा पाणीपण नको काय गो?

त्यानंतर मी गेले नाही.

बीपी आहे म्हटलं. गुडघे म्हटलं. नातवाची परीक्षा म्हटलं. मालक एकटे जाऊन यायचे. ते वारल्यावर दिलीप जायचा. गावात काय बोलतात ते तो सांगायचा नाही, पण फोन स्पीकरवर असला की मागून ऐकू यायचं. मुंबैकरीण झाली ती. तिका आता शेणाचो वास सोसना नाय. मी ऐकून घेतलं. शेणाच्या वासाला मी कशाला घाबरते? मला माझ्याच वासाची भीती होती. पण फोनवर हे कसं बोलणार? त्यापेक्षा गर्विष्ठ म्हणून घेणं सोपं.

मागच्या वर्षी पितृपक्षाच्या आधी वैनीचा फोन आला. आमच्या घरी म्हाळ असतो. घरातल्या गेलेल्या सगळ्यांना त्या दिवशी जेवायला वाढायचं. त्यात आता आमचे मालक पण आले. इतकी वर्षं सगळा स्वयंपाक वैनीने एकटीने रांधला. ती म्हणाली, "शेवंते, माझे हात आता चलनत नाय. तू ये. नायतर ह्या वर्सापासून म्हाळ बंद."

मी म्हटलं, गुडघे.

ती मालकांचा विषय काढून म्हणाली, "तुझो घोव उपाशी ऱ्हवलो तर माका सांगा नको." आणि फोन ठेवला.

मी दोन्हीकडून अडकले. गाडीचं एक, आणि दुसरं त्याहून वाईट. म्हाळाचं जेवण सोवळ्यात रांधायचं. ज्या बाईचं लुगडं केव्हा ओलं होईल याचा भरवसा नाही, तिने पितरांच्या चुलीपुढे बसायचं? मालक जिवंत असताना माझ्या हातचं जेवले, त्यांना माहीत नव्हतं. आता ते वरून बघत असतील तर? असं सगळं डोक्यात. मी कोणाकडे बोलू?

त्याच आठवड्यात मी बीपीच्या गोळ्या आणायला खाली गेले. मेडिकलमध्ये दुपारच्याला दुकानवाल्याची बायको बसते, गुजराती आहे, सगळे बेन म्हणतात. आमच्या बिल्डिंगमधल्या बायका बायकांचं सामान आणायला दुपारीच जातात. बेन काही न विचारता जुन्या पेपरात गुंडाळते, काळ्या पिशवीत घालते आणि तोंड दुसरीकडे करून देते. बाप्या माणूस काउंटरला उभा असला तर ती आधी त्याला कटवते, मग आपल्याकडे वळते.

मी उभी असताना कोणीतरी शेजारच्या दुकानात मिरचीची फोडणी दिली. मला ठसका लागला. थांबेना. कळलं मला काय होतंय ते, पण मी हलले नाही. हलले असते तर खालची फरशी दिसली असती.

बेनने बघितलं. ती काउंटरच्या फळीखालून वाकून बाहेर आली, बादलीतलं पाणी घेतलं आणि माझ्या पायाशी मुद्दाम सांडलं. मोठ्याने म्हणाली, "अरे मासी, सॉरी, मेरे हाथ से गिर गया." मग मला आत स्टुलावर बसवलं. माझी मान वर होईना. पायरीवर एक माणूस उभा होता, त्याला म्हणाली, पंधरा मिनटं नंतर या, स्टॉक मोजायचाय.

तिने एक पुडा काढला. वर पांढऱ्या केसांच्या बाईचा फोटो, छान हसतेय. मला वाटलं लहान पोरांचं असतं ते. म्हटलं, मला कशाला, मी अंथरुणाला खिळलेली नाय. बेन म्हणाली, "मासी, मारी सासू पेहेनती है. चड्डी जैसा है. वो पेहेनके वो डाकोर के मंदिर जाके आती है, मुझसे जास्ती घूमती है." आणि हळूच म्हणाली, पण हा इलाज नाय हां, बायकांच्या डॉक्टरला दाखवायचं, पुष्कळ बायकांना होतं हे.

पुष्कळ बायकांना. मी घरी येऊन त्यावरच विचार करत बसले. मग त्या कुठे आहेत? मला एक पण का भेटली नाही?

सरकारी दवाखान्यात गेले. तिथली डॉक्टरीण पोरसवदा, पण हात चांगला. म्हणाली, आजी, इतकी वर्षं काय केलंत? मी म्हटलं, साडी पसरली. तिला कळलं नाही. तिने तपासलं, अंग आवळायचा व्यायाम सांगितला, तो मी टीव्ही बघताना करते, कोणाला दिसत नाही. पूर्ण जाणार नाही म्हणाली, कमी होईल. आणि मी वैनीला फोन केला, येते म्हणून. ती फक्त "बघूया" म्हणाली.

दिलीपबरोबर सकाळच्या गाडीने निघाले. ती चड्डी घालून. पनवेलच्या पुढे गाडी हॉटेलला थांबली तेव्हा मी पूर्ण कप चहा प्यायले. प्रवासात चहा पिणं मी विसरले होते. दिलीप बघत राहिला. घाटात गाडी हिसके देत होती आणि मी खिडकीतून बाहेर बघत होते. एवढं हिरवं असतं तिथे, मला आठवतच नव्हतं. इतक्या वेळा त्या घाटातून गेले, पण सगळा वेळ डोळे मिटून मांड्या आवळून.

आता चूक कुठे झाली ते सांगते. आमच्या घरात मुंबईहून आलेल्या माणसाने आपली पिशवी आपण उघडायची नाही. घरातल्या मोठ्या बाईने उघडायची, खळ्यात, म्हणजे पुढच्या अंगणात, सगळ्यांसमोर. शेजारच्या घरांतल्या बायका जमतात. मोठी एकेक वस्तू वर काढते, दाखवते, हे हिचं, हे तिचं, करून वाटते. आधी सासू उघडायची, आता वैनी. मी एवढ्या वर्षांनी गेले, हे साफ विसरले. खारी, टोस्ट, चिवडा, अगरबत्ती, वैनीला साडी, आणि तळाला साडीखाली ते पुडे, काळ्या पिशवीत. वेगळी पिशवी करायचं सुचलं नाही.

मी पाय धुऊन आले तोवर वैनी खळ्यात पाटावर बसली होती आणि माझी पिशवी तिच्यापुढे. समोरच्या घरातली सुंदरकाकी, तिची सून, आणखी दोघीतिघी. वैनी वाळली होती. हात थरथरत होते. मला बघून म्हणाली, "इलंस? बस. सरकार इला आमचा." बायका हसल्या. मी म्हटलं, वैनी, राहू दे, मी उघडते. ती म्हणाली, "कित्याक? सोन्याची बिस्कुटा हाडलंस काय?"

खारी निघाली. टोस्ट निघाले. साडी निघाली, सगळ्यांनी हात लावून बघितली. मग वैनीचा हात तळाला गेला. काळी पिशवी वर आली. तिने गाठ सोडली. ती हसरी पांढऱ्या केसांची बाई खळ्यातल्या सगळ्यांकडे बघायला लागली.

सुंदरकाकी म्हणाली, "ह्या काय गो? बाळाचा? घरात बाळ खय आसा?" तिची सून शिकलेली. तिने पुड्यावरचं वाचलं, तोंडाला पदर लावला आणि सासूच्या कानात सांगितलं. सुंदरकाकीने माझ्याकडे बघितलं. पायापासून वर. मला वाटलं, मालकांच्या घरच्या खळ्यात, त्यांच्या म्हाळाच्या आदल्या दिवशी, हेच बाकी होतं.

वैनीने पुडा उलटा केला. सुलटा केला. तिला वाचता येत नाही. पण फोटो बघितला, माझं तोंड बघितलं. मग तो पुडा तिने आपल्या साडीवर, आपल्या वाट्यात ठेवला.

"माझा आसा ता," ती म्हणाली. "मीच फोनार सांगलंय हाडूक. म्हातारी झालंय मी. तुका व्हया काय गो सुंदरे? एक घेऊन जा."

सुंदरकाकी म्हणाली, माका कित्याक. सगळ्या हसल्या. वैनीवर हसल्या. तिने हसू दिलं आणि चिवडा वाटायला घेतला.

फोनवर तिने काहीही सांगितलं नव्हतं. इतकी वर्षं जिला मी माझ्या जवळ येऊ दिलं नाही, तिने सगळ्यांसमोर माझी लाज उचलून आपल्या मांडीवर ठेवली. मला आभार पण मानता येईनात. मी उठून मागीलदारी गेले, तोंडावर पाणी मारायला.

मागीलदारी दोरी आहे. दोरीवर वैनीचं लुगडं वाळत होतं. वारा आला, लुगडं थोडं उडालं, आणि खाली मला चौकोन दिसले. जुन्या लुगड्याचे फाडलेले, घड्या करायचे, ओळीने टाकलेले. वरून लुगडं पसरलेलं. अगदी माझ्यासारखं. मला कोणी शिकवलं नव्हतं, तिला पण कोणी शिकवलं नसणार.

मी तिथेच उभी राहिले. मला आठवलं, मी मुंबईहून मलम पाठवायचे, जंताचं औषध पाठवायचे, आणि वाटायचं, मी शहाणी झाले. तिने घरचं पाणी विहिरीवरून आयुष्यभर आणलं, पाच बाळंतपणं केली, शेत केलं, आणि मला एकदा पण वाटलं नाही विचारावं. मी माझी लाज सांभाळत बसले होते, म्हणजे जगात तेवढी एकच आहे. आधी लाज वाटायची ती अंगाची. आता वाटते ती ह्याची. ही धुऊन जात नाही.

वैनी मागून आली. मी दोरीकडे बघतेय हे तिने बघितलं. तिने लुगडं ओढून नीट केलं नाही. तसंच राहू दिलं.

"तुका पण?" ती म्हणाली.

मी मान हलवली.

"कधीपासून?"

"धाकटीच्या वेळेपासून."

"माझा गोपाळच्या वेळेपासून," ती म्हणाली. गोपाळ तिचा थोरला, आता तोच साठीला आला. मग ती पायरीवर बसली आणि म्हणाली, "म्हणान येय नाय हुतंस तू?"

मी परत मान हलवली. तिने सरकून मला बसायला जागा केली.

मी तिला सोवळ्याचं विचारलं. म्हटलं, वैनी, असल्या अंगाने चुलीपुढे बसायचं कसं? तू इतकी वर्षं कसं रांधलंस?

ती म्हणाली, "जेंची पोरां काढताना अंग गेला, तेच जेवूक येतले ना? तेंका कसलो गो इटाळ?"

मी हसले. मोठ्याने हसले, कितीतरी वर्षांनी, आणि जे व्हायचं ते झालं, पण त्याला आता बंदोबस्त होता. वैनीला तो बंदोबस्त कसा घालायचा ते मी न्हाणीत दाखवलं. पाय कुठून घालायचे, फाडून कसं काढायचं, वापरलेलं पेपरात गुंडाळून पुरायचं. ती म्हणाली, बाबांनू, ह्याच्यात तर मी मुंबैक पण येयन.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघींनी म्हाळ रांधला. काळ्या वाटाण्याची आमटी, वडे, खीर. तिचे हात थरथरत होते म्हणून वडे मी थापले आणि तिने तळले. कावळ्याला पान ठेवलं. मालकांचं नाव घेतलं तेव्हा मला लाज वाटली नाही असं नाही. वाटली. पण मी चुलीपुढून उठले नाही. कावळा यायला उशीर झाला, तर वैनी म्हणाली, थांब, तुझो घोव आधी वासच घेत बसतलो. मग आला.

निघताना ती तिठ्यापर्यंत काही येऊ शकली नाही. खळ्यातच थांबली. आमसुलं, पोहे, आणि फडक्यात बांधलेली सुंठ दिली. आणि "येत ऱ्हव" म्हणाली, पहिल्या वेळेसारखंच.

आता मी दर महिन्याला गावाला पुडे पाठवते, जो जाईल त्याच्या हातून. बेनला माहीत आहे. मी अजून दुपारीच जाते. अजून काळी पिशवी मागते. लाज काय एवढ्या लवकर जाते? पोटात वाढवली तिला मी. पण मेडिकलमध्ये माझ्यासारखी कोणी म्हातारी खोकताना पाय जवळ घेऊन उभी राहिली की मी तिच्याकडे बघते, आणि बोलते. एक रागावली माझ्यावर. एक दुसऱ्या दिवशी आमच्या दारात आली.

तुम्ही जे गावाला आहात त्यांना सांगते, मुंबईवाली येत नाही म्हणजे तिला तुमचा कंटाळा आला असंच काही नसतं. आणि जे इकडे आलात त्यांना सांगते, घरी मलम पाठवता, चांगलं करता, पण आईला एकदा बाजूला घेऊन विचारा. पोरींनो, तुम्ही विचारा. मुलगे विचारणार नाहीत.

मला कोणी विचारलं, काकी, तुमचं घर कुठलं, तर आधी मी जोगेश्वरी सांगायचे आणि गावाचं नाव घेताना अडखळायचे. चावी जोगेश्वरीची माझ्याकडे आहे, लाइट बिल माझ्या नावावर येतं. पण जिथे माझी पिशवी मला उघडावी लागत नाही, ते घर तिकडे आहे.

या वर्षीचा म्हाळ जवळ आलाय. पिशवी भरून झाली. खारी, टोस्ट, अगरबत्ती. पुडे या वेळी तळाला ठेवले नाहीत. सगळ्यात वर ठेवलेत, काळ्या पिशवीत न घालता, त्या हसऱ्या बाईचं तोंड वर करून. वैनीचा पहिला हात त्यावरच पडू दे.